काल यायला हवं होतं

पाण्याखाली माणसाला बोलता येत नाही, ही निसर्गाने केलेली सोय डुबकीकाकांच्या घरच्यांच्या ध्यानात फार उशिरा आली. तोवर काका पाणीपुरवठा खात्यातून अठ्ठावन्नाव्या वर्षी रीतसर निवृत्त होऊन दिवसभर घरात बसू लागले होते. सकाळी पेपरवाल्याशी सुरू झालेलं बोलणं रात्री झोपेत थांबे, तेही कधीकधीच. मग मालवणच्या सहलीत किल्ल्यासमोर कुणीतरी त्यांच्या तोंडात रबराची नळी घालून त्यांना वीसेक मिनिटं पाण्यात नेलं, आणि काठावर बसलेल्या काकूंना आयुष्यात प्रथमच लाटांचा आवाज ऐकू आला. परत आल्यावर काकूंनी बँकेतलं रिकरिंग मोडलं आणि काकांना डायव्हिंगच्या पुऱ्या कोर्सला घातलं. "लोक नवऱ्याला योगाच्या क्लासला घालतात," त्या मला म्हणाल्या, "पण तिथे बोलता येतं हो."

डुबकीकाका म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. ही प्रजातीच आहे, आणि हल्ली तिची पैदास चांगली चालली आहे. जिथे मोटारी कमी, बाजार लहान आणि रात्री साडेआठला दिवे मालवले जातात अशा बेटांवर ती नोव्हेंबर ते मे या काळात हमखास सापडते. ओळखायच्या खुणा सोप्या. मनगटावर घड्याळाच्या दुप्पट आकाराचा डाइव्ह कॉम्प्युटर. तो लग्नकार्यातही उतरत नाही. अंगात रंग उडालेला टी-शर्ट, त्यावर कासव. आणि डोकं एका बाजूला कलतं करून कानावर चापट मारण्याची सवय, कारण कानात गेलेलं पाणी अजून निघायचंय. कधीचं, ते विचारू नये. विचारलंत तर ते पाणी कोणत्या जागी, किती मीटरवर आणि कोणत्या माशाच्या साक्षीने कानात शिरलं हे ऐकेपर्यंत तुमचा चहा निवतो.

मला ते भेटले अंदमानातल्या नील बेटावर. सरकारदप्तरी या बेटाचं नाव ३० डिसेंबर २०१८ पासून शहीद द्वीप आहे आणि पोर्ट ब्लेअरचंही २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. पण जेट्टीवरचे रिक्षावाले अजून 'नील' म्हणतात आणि काकाही तेच म्हणतात. बेट एवढंसं, की सायकल घेऊन फिरायला निघालेला माणूस नाश्त्याआधी सगळं बघून परत येतो. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांनी वसवलेलं हे बेट. पोफळी, केळी, वांगी, पालेभाज्या. अंदमानची भाजीची परडी म्हणतात ती हीच. गावांची नावं रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. शत्रुघ्नाच्या नावाचं गाव नाही. बिचाऱ्याला मूळ कथेतही कुणी फारसं विचारलेलं नाही.

हे झालं पाण्यावरचं बेट. काकांचं नील पाण्याखाली सुरू होतं आणि तिथे रामायणाचा काही संबंध नाही. तिथल्या जागांना डायव्हर लोकांनी नावं ठेवलीत ती जंक्शन, के रॉक, मार्गारिटाज मिस्चिफ आणि चक्क बस स्टॉप. "आज पहिली जंक्शनला मारतो, दुसरी बस स्टॉपला," असं काका सकाळी सांगतात, तेव्हा शेजारच्या खोलीतल्या नवख्या पाहुण्याला वाटतं की बेटावर एसटी चालते.

पहिल्या सकाळी गेस्ट हाउसमधल्या पोऱ्याने आमच्यापुढे चहा ठेवला आणि 'ठीक आहे ना?' या अर्थाने अंगठा वर केला. काका तत्काळ खुर्चीतून उठले. अंगठा वर म्हणजे 'वर चला, डुबकी संपली'. सगळं ठीक असेल तर तर्जनी आणि अंगठा जुळवून गोल करायचा. हे त्यांनी त्या पोऱ्याला मराठीत, मग स्वतःच्या हिंदीत आणि शेवटी खुणांनी समजावलं. पोऱ्या मूळचा तिथलाच, बाप डुंगी चालवणारा, तो निमूट ऐकत होता. काकांच्या धाकट्या मुलाने एकदा घरच्या ग्रुपवर नवी नोकरी लागल्याचं कळवलं, तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी अंगठे पाठवले. काकांनी एकट्याने गोल पाठवला. सुनेला वाटलं, सासऱ्यांनी पगार विचारलाय आणि स्वतःच शून्य उत्तर दिलंय.

पाण्यात काका कसे असतात, हे मी त्यांच्या मागे होडीतून गेलो म्हणून सांगू शकतो. मी उतरलो नाही. होडीच्या काठावर बसून मागच्या मागे पाण्यात कोसळायचं, आणि वर त्यासाठी पैसे मोजायचे, हे माझ्या संस्कारात बसत नाही. काका मात्र आधी मास्कच्या काचेवर आतून थुंकतात. काच धुरकट होऊ नये म्हणून सगळेच डायव्हर थुंकतात, पण काका ते एखाद्या विधीसारखं करतात आणि मग समुद्रात खळखळून धुतात. पाठीवर सिलिंडर, त्यात दोनशे बार हवा. तेवढ्यात खाली जायचं, फिरायचं, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं आणि पन्नास बार शिल्लक ठेवून होडीत परतायचं, असा नियम. आयुष्यभर काकांनी लोकांच्या 'नळाला प्रेशर नाही' या तक्रारी ऐकल्या; आता प्रेशर गळ्यातल्या काट्यावर वाचावं लागतं, आणि तक्रार करायला कुणी नसतं.

अडचण अशी, की काकांची हवा सगळ्यांच्या आधी संपते. तोंडात रेग्युलेटर असला तरी आतून हुंकार चालूच असतात. मासा दिसला की "अहो!", कासव दिसलं की "बघा बघा!", असं ते नळीतून बोलतात आणि प्रत्येक उद्गाराला दोन-तीन बार खर्ची पडतात. त्यांना घेऊन जाणारा पोरगा नीलवरच जन्मलेला, तेवीस-चोवीसचा. तो पाण्यावर बोलत नाही आणि पाण्याखाली श्वास घेतो की नाही अशी शंका यावी इतका शांत. डुबकी संपवून वर आले तेव्हा मी दोघांचे काटे पाहिले. पोराचा एकशे दहावर, काकांचा पंचेचाळीसवर. पोराने काकांच्या काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दोरी ओढायला लागला. काका म्हणाले, "करंट होता आज. फार करंट." समुद्र त्या वेळी इतका निवांत होता की होडीची सावली एका जागी पडली होती.

दोन डुबक्यांच्या मध्ये पाण्याबाहेर थांबावं लागतं. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडायला वेळ द्यायचा असतो, म्हणून तासभर तरी होडीत बसायचं, पाणी प्यायचं, बिस्किटं खायची. याला सरफेस इंटरव्हल म्हणतात. माझं मत असं, की डुबकीकाका या प्रजातीचं खरं आयुष्य या तासात जातं. खालची पंचेचाळीस मिनिटं हा नुसता कच्चा माल. रेग्युलेटर तोंडातून निघाला की कोंडलेलं सगळं एकदम बाहेर येतं, आणि नायट्रोजनच्या बाबतीत जी सावकाशी पाळायची शिस्त आहे ती इथे कुणी पाळत नाही.

आणि गोष्ट वाढते, ती नुसत्या थापांनी नव्हे. त्यामागे भौतिकशास्त्र आहे. पाणी आणि मास्कमधली हवा यांच्यामध्ये प्रकाश वाकतो, त्यामुळे पाण्याखाली प्रत्येक वस्तू एक तृतीयांश मोठी आणि पाव भागाने जवळ दिसते. काका हे स्वतःच सांगतात. शिकवलंयच तसं. फक्त माशाचं माप सांगताना ते वजावट करायची विसरतात. तीन फुटांचा ग्रूपर खाली चार फुटांचा दिसतो, होडीत पाच फुटांचा होतो, रात्रीच्या जेवणाला तो काकांच्या मास्कला नाक लावून गेलेला असतो. फोटोत मात्र तो नसतो. फोटोत सगळं निळं असतं. लाल रंग पाण्यात सगळ्यांत आधी नाहीसा होतो, पाच-सात मीटरवरच तो करडा-काळा दिसायला लागतो. त्यामुळे काका मोबाइल पुढे धरून एका काळपट ठिपक्यावर बोट ठेवतात आणि म्हणतात, "हा लालभडक आहे." आपण हो म्हणायचं. पूर्वी निदान मोबाइलला रेंज नसे, म्हणून ही चित्रं बेटावरच राहत. १० ऑगस्ट २०२० ला चेन्नईपासून अंदमानपर्यंत समुद्राखालून टाकलेली केबल सुरू झाली आणि डोंबिवलीतल्या नातेवाइकांचं ते संरक्षणही गेलं.

पण काकांचं सगळ्यांत लाडकं वाक्य माशांविषयी नाही. ते तुमच्याविषयी आहे. "तुम्ही काल यायला हवं होतं." काल पाणी काचेसारखं होतं. काल के रॉकला बॅराकुडांचा असा घोळका होता की ऊन दिसेना. काल आलेल्या माणसाला विचारलं तर कळतं, त्याला काकांनी सांगितलं होतं की परवा यायला हवं होतं. मी मनातल्या मनात हिशेब मागे मागे नेऊन पाहिला. समुद्रमंथनाच्या दिवशी व्हिजिबिलिटी बरी असावी, आणि नंतर उतरती कळा लागली असावी.

जेवणाच्या टेबलावर त्यांचा दुसरा ठेवणीतला विषय म्हणजे निमो. समुद्रफुलात राहणारे ते नारिंगी-पांढरे क्लाउनफिश. हे सगळे जन्माला नर म्हणून येतात. घरात जी मादी असते ती सर्वांत मोठी आणि कर्ती. ती गेली की तिचा नवरा स्वतःच मादी होतो आणि कारभार हाती घेतो. हे खरं आहे, आणि काका ते नवीन लग्न झालेल्या जोडप्यांना पहिल्या घासाबरोबर सांगतात. मधुचंद्राला आलेला सांगलीचा एक मुलगा त्यानंतर बराच वेळ बायकोकडे न बघता आमटी ओरपत होता. काकू म्हणाल्या, "आमच्याकडेही कारभार मीच बघते. यांना तेवढ्यासाठी काही व्हावं लागलं नाही."

कुणी मालदीवची बढाई मारली तर काका आधी ऐकून घेतात. मग विजयदुर्गापासून पश्चिमेला शंभर किलोमीटरच्या पुढे, भर समुद्रात बुडालेलं पठार काढतात: आंग्रिया बँक. त्यावर प्रवाळ आहे आणि नाव कान्होजी आंग्र्यांचं आहे. "मालदीवला आरमार होतं का?" एवढं विचारून ते भाताकडे वळतात. स्वतः ते आंग्रियाला गेलेले नाहीत. पण आंग्र्यांचं नाव घेताना त्यांची मान अशी ताठ होते, की तिथे पहारा यांनीच दिला असावा.

भरतपूरच्या किनाऱ्याला ते नाकं मुरडतात. तिथे काचेच्या तळाच्या होड्या, तिथेच पाच मिनिटांच्या शिकवणीवर पाण्यात उतरवलेले हौशे. प्रत्येकाच्या मागे त्याचं सिलिंडर धरून एक जण, बाजूला व्हिडिओ काढणारा. काका त्यांना 'गाठोडी' म्हणतात. स्वतः मालवणला गाठोडं म्हणूनच उतरले होते, ती चित्रफीत काकूंच्या मोबाइलमध्ये शाबूत आहे, आणि काका फार चढले की काकू ती नुसती शोधायला लागतात.

तरी या माणसाला मोडीत काढू नये. एकदा होडीत चढताना त्यांचा जाकिटाचा खिसा फुगलेला दिसला. मला वाटलं शंख. निघाली ती वेफर्सची दोन पाकिटं, एक शाम्पूची पुडी, दोरीचे तुकडे. खाली दिसेल ते उचलून आणायचं, आणि प्रवाळाला मात्र बोट लावायचं नाही, यात काका हयगय करत नाहीत. २००१ पासून प्रवाळाला वाघाच्या बरोबरीचं कायद्याचं संरक्षण आहे, हे ते किनाऱ्यावर तुकडे वेचणाऱ्या पोरांच्या आईबापांना थांबवून सांगतात; शिव्याही खातात. उन्हाने समुद्र तापला की प्रवाळ आपल्यातलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. अंदमानात २०१० ला फार पडलं, २०१६ ला पुन्हा. एका उथळ जागी खाली सगळा मोडलेल्या फांद्यांचा राडा आहे. तिथून वर आले की काका काही सांगत नाहीत. बिस्किटं खातात. मग कुणीतरी विषय काढतं आणि काल यायला हवं होतं हे वाक्य ते त्या जागेपुरतं तरी म्हणत नाहीत.

आता काकूंविषयी. काकांना बेटाखालचे सगळे रस्ते पाठ आहेत, आणि बेटावरचा एकही नाही. सीतापूर कुठल्या दिशेला, हे त्यांना मनगटावरच्या कॉम्प्युटरमध्ये बघावं लागतं आणि तो पाण्याबाहेर सांगत नाही. काकू पोहत नाहीत, पाय भिजवतात तेवढंच. पण आल्यापासून तिसऱ्या दिवशी त्यांना बाजारातल्या निम्म्या बायका नावाने ओळखत होत्या. पुईची भाजी कोळंबी घालून कशी करतात, कुणाची मुलगी श्री विजयपुरमला नर्सिंग शिकते, कुणाच्या आजीने बोटीतून येताना काय काय पाहिलं होतं, सगळं त्यांच्याकडे जमा. भाषेची अडचण विचारली तर म्हणाल्या, "वांग्याचा भाव करायला कितीसं बंगाली लागतं?" भरतपूरच्या जेट्टीपाशी एका शहाळेवालीच्या बाकड्यावर त्यांची बैठक ठरलेली. काका पाण्यात गेले की त्या तिथे येऊन विणत बसत.

त्या सकाळी काका जंक्शनला गेले होते. होडी परत आली, काका उतरता उतरताच सुरू झाले होते, आणि काकूंनी लोकर गुंडाळत सांगितलं, "अहो, ते तुमचं ड्युगाँग येऊन गेलं."

काका थांबले. वाक्याच्या मध्ये.

ड्युगाँग म्हणजे समुद्रगाय, अंदमानचा राज्यप्राणी. उथळ पाण्यातलं समुद्रगवत चरते, दर काही मिनिटांनी श्वास घ्यायला नाकपुड्या वर काढते. संख्येने इतकी थोडी आणि स्वभावाने इतकी लाजरी, की नीलच्या आसपास ती आहे हे माहीत असूनही डायव्हरला दिसली तर तो वर्षभर सांगत हिंडतो. काकांच्या लॉगबुकात तीनशेवर डुबक्यांची नोंद आहे, प्रत्येकीखाली सोबत्याची सही. ड्युगाँगचा रकाना कोरा.

"कुठे?" काका म्हणाले.

"ही काय इथे. त्या पिवळ्या होडीच्या अलीकडे. डोकं वर काढलं, फुसकन श्वास सोडला, पाठ दाखवली, शेपटी दाखवली, गेलं. मग परत आलं. शहाळेवाली म्हणाली, येतं अधूनमधून."

"किती मोठं?"

"आपल्या हॉलमधला दिवाण आहे ना, तेवढं."

"फोटो?"

"हातात सुया होत्या." काकूंनी लोकर पिशवीत टाकली. "सकाळी यायला हवं होतं तुम्ही."

हे त्यांनी मुद्दाम म्हटलं की सहज, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. काकांनी मात्र पंचनामा सुरू केला. वेळ काय, भरती की ओहोटी, तोंड कोणत्या दिशेला, शेपटी माशासारखी उभी की आडवी, मधे दुभंगलेली की सलग. काकू म्हणाल्या, आडवी होती आणि दुभंगलेली होती. काकांचा चेहरा पडला, कारण उत्तर बरोबर होतं.

दुसरा दिवस त्यांचा कोरडा होता. लागोपाठ डुबक्या मारलेल्या माणसाने विमानात बसण्याआधी अठरा तास तरी पाण्याबाहेर राहायचं असतं, आणि काका ते चोवीस पाळतात. या कोरड्या दिवसासाठी काकूंनी ओहोटी गाठून लक्ष्मणपूरची ती नैसर्गिक दगडी कमान बघायचा बेत केला होता. कमान त्यांनी एकट्यानेच पाहिली. काका पहाटेपासून शहाळेवालीच्या बाकड्यावर. दुर्बीण, टोपी, वही. दुपारी मी गेलो तेव्हा काठावर सात-आठ माणसांचा घोळका जमवून काका समुद्रगवतावर बोलत होते. समुद्राकडे त्यांची पाठ होती. शहाळेवाली मला म्हणाली, "इतना बात करेगा तो कैसे आएगा?"

रात्री गेस्ट हाउसवर नाशिकचा ग्रुप उतरला. सेल्युलर जेल करून आलेले, डोळे अजून ओले असलेले सज्जन लोक. त्यातल्या एकाने विचारायची चूक केली, इथे पाण्यात काय काय आहे म्हणून. पोळ्या यायच्या आत काका ड्युगाँगपर्यंत पोचले.

"आठ फूट," काका म्हणाले.

"अहो, दिवाण सहा फुटी आहे आपला," काकू म्हणाल्या.

"बरोबर. तू हवेतून पाहिलंस. सहाच दिसणार. तोच प्राणी पाण्यातून एक तृतीयांश मोठा दिसतो. सहा आणि दोन आठ. मी हिशेबाने सांगतोय."

टेबलावर कुणाला यात खोट काढता येईना. नाशिककरांनी आदराने पुढे वाकून विचारलं, "म्हणजे तुम्ही पाण्यातून पाहिलंत?"

काकूंनी वाढता हात थांबवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. काकांचं तोंड उघडलं, मिटलं. मग त्यांनी पटकन पोळीचा मोठा घास तोंडात कोंबला, भरल्या तोंडाने बोलता येत नाही असं मानेनेच दाखवलं, आणि उजव्या हाताची तर्जनी आणि अंगठा जुळवून गोल केला.

"झकास दिसला म्हणतायत," नाशिककरांनी पलीकडच्यांना सांगितलं.